प्रबंधातली रेघ आणि टिंब

‘इतिहासकार म्हणतात तसे घडले नाही.’ प्रबंधात हे वाक्य आले, की संशोधक पूर्वसूरींचे मत खोडून काढतो आहे, असे वाचक समजतो. ‘म्हणतात’नंतर स्वल्पविराम देऊन ‘इतिहासकार म्हणतात, तसे घडले नाही’ असे लिहिले, तर घटना नाकारणारे इतिहासकार ठरतात आणि संशोधक फक्त त्यांचे म्हणणे नोंदवतो. तोच स्वल्पविराम एक शब्द पुढे सरकवून ‘इतिहासकार म्हणतात तसे, घडले नाही’ असे केले, तर संशोधक त्यांच्याशी सहमत होतो. शब्द तेच, क्रम तोच. पण पाच शब्दांच्या वाक्यात तीन वेगवेगळ्या भूमिका. मौखिक परीक्षेत परीक्षकाने या वाक्यावर बोट ठेवून ‘हे मत कोणाचे?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर त्या एका स्वल्पविरामात असते.

ललित लेखनात अशी संदिग्धता कधी चालून जाते, कधी हवीशीही असते. प्रबंधात आणि शोधनिबंधात ती चालत नाही. दुसऱ्याचे मत कुठे संपते आणि संशोधकाचे कुठे सुरू होते, हे तिथे प्रत्येक परिच्छेदात स्पष्ट दिसावे लागते. असे असूनही मराठीत प्रबंध लिहिणारे अनेक जण विरामचिन्हांचा विचार सगळ्यांत शेवटी करतात. मजकूर डीटीपी करणाऱ्याकडे जातो आणि तो आपल्या सवयीने रेघा व टिंबे टाकतो. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ पाहतो, अनुस्वार पाहतो. रेघा तशाच राहतात. मग पहिल्या प्रकरणात ‘स्त्री-शिक्षण’, दुसऱ्यात ‘स्त्री शिक्षण’ आणि निष्कर्षात ‘स्त्रीशिक्षण’ अशी तीन रूपे एकाच बांधणीत येतात. यांतले कोणते रूप वापरायचे, हा निर्णय टंकलेखन करणाऱ्याचा नाही. तो संशोधकाचा आहे आणि पहिले प्रकरण लिहायला घेण्याआधीच तो झालेला बरा.

मराठीत या बाबतीत एकवाक्यता का नाही, याचे कारण इतिहासात आहे. जुन्या पोथ्यांमध्ये मुख्यतः दंड आणि दुहेरी दंड एवढीच चिन्हे असत. मोडी कागदपत्रांत तर शब्दही सुटे नसत. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जायची, ही रीत होती. स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हे ही सारी मंडळी इंग्रजी मुद्रणाबरोबर एकोणिसाव्या शतकात मराठीत आली. ती इथे रुजवण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात कँडी सहभागी होते आणि पुढे मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश त्यांनी पूर्ण केला, तो १८४७ साली निघाला. मराठीने पूर्णविरामासाठी दंड सोडून टिंब घेतले, हिंदीत मात्र दंड टिकला. म्हणून हिंदी ग्रंथातला उतारा मराठी प्रबंधात देताना त्यातला दंड तसाच ठेवावा. संशोधकाच्या स्वतःच्या मराठी वाक्याअखेर मात्र तो येऊ नये.

पुढे १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. शाळेपासून ज्याला शुद्धलेखन म्हटले जाते, ते या १८ नियमांवर उभे आहे. पण त्यांचा भर अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि सामान्यरूपे यांवर आहे. विरामचिन्हांसाठी त्यांत नियम नाही. ती उणीव मो. रा. वाळंबे यांच्यासारख्या व्याकरणकारांच्या पुस्तकांनी आणि प्रकाशनसंस्थांच्या आपापल्या प्रथांनी भरून काढली. त्यामुळे संयोगचिन्हाबाबत जाणकारांमध्येही दोन वाटा दिसतात. अरुण फडके यांच्या कोशाचे नाव ‘मराठी लेखन-कोश’ असे संयोगचिन्हासह आहे, तर यास्मिन शेख यांच्या कोशाचे ‘मराठी शब्दलेखनकोश’ असे सलग. दोघेही आयुष्यभर याच विषयात काम केलेले अभ्यासक. म्हणजे इथे संशोधकाला निवडीची मोकळीक आहे. मात्र एकदा केलेली निवड शेवटच्या पानापर्यंत पाळली पाहिजे, कारण नियम ग्रंथात लिहिलेला नसला, की सातत्य हाच नियम होतो.

रेघ कुठे द्यावी, कुठे देऊ नये

सुरुवात समासापासून करावी. मराठीत सामासिक शब्द हा एकच शब्द असतो आणि तो जोडून लिहायचा असतो : संशोधनपद्धती, समाजव्यवस्था, वाचनसंस्कृती, जीवनशैली. अलीकडच्या प्रबंधांत ‘संशोधन पद्धती’, ‘समाज व्यवस्था’ अशी सुटी रूपे सर्रास दिसतात. इंग्रजीत असे शब्द सुटे असतात, त्या सवयीचा हा परिणाम. इथे रेघेचीही गरज नाही आणि मोकळ्या जागेचीही नाही.

संयोगचिन्हाचे हक्काचे ठिकाण म्हणजे द्वंद्व समास. स्त्री-पुरुष, आई-वडील, गुरु-शिष्य, कार्य-कारण. यांत दोन्ही पदे बरोबरीची असतात आणि प्रत्यय फक्त दुसऱ्या पदाला लागून दोघांनाही पुरतो. ही रेघ गाळली, तर वाक्याचा कर्ताच बदलू शकतो. ‘स्त्री पुरुषांच्या बरोबरीने शेतात राबते’ या वाक्यात राबणारी स्त्री आहे. ‘स्त्री-पुरुषांच्या बरोबरीने मुलेही शेतात राबतात’ या वाक्यात राबणारी मुले आहेत आणि स्त्री व पुरुष दोघेही तुलनेला घेतले आहेत. शेतीच्या अर्थकारणावरील प्रबंधात हा फरक थेट निष्कर्षापर्यंत जाऊन पोचतो. ‘आईवडील’, ‘देवाणघेवाण’ यांसारखे जोडशब्द सलगही लिहिले जातात आणि ते चुकीचे नाही. ‘ने-आण’, ‘ये-जा’ यांत मात्र पहिले पद एकाच अक्षराचे असल्याने रेघेशिवाय डोळा अडखळतो. ‘हळूहळू’, ‘वेळोवेळी’, ‘जागोजागी’ यांसारखे पुनरुक्तीचे शब्द नेहमी सलग लिहावेत.

खरी कसोटी लागते ती तीन किंवा अधिक पदे एकापुढे एक आली की. ‘जुने पुस्तक विक्रेते’ म्हणजे वयाने किंवा व्यवसायात जुने असलेले विक्रेते, की जुनी पुस्तके विकणारे? पहिला अर्थ हवा असेल, तर ‘जुने पुस्तकविक्रेते’. दुसरा हवा असेल, तर सरळ ‘जुन्या पुस्तकांचे विक्रेते’. ‘स्त्री शिक्षण संस्था’ याचेही तसेच आहे. ‘स्त्रीशिक्षण-संस्था’ असे लिहिले, की स्त्रियांच्या शिक्षणासाठी चाललेली संस्था हे स्पष्ट होते. ‘ग्रामीण साहित्य संमेलन’ यात ग्रामीण काय आहे, साहित्य की संमेलन? ग्रामीण साहित्याच्या चळवळीवर लिहिणाऱ्याने हे पहिल्याच उल्लेखात ठरवायला हवे.

अशा वेळी रेघांची माळ लावत जाणे हा उपाय नाही. ‘ग्रामीण-महिला-बचतगट-सक्षमीकरण-योजना’ असा शब्द वाचणाऱ्याला श्वास घ्यायलाही जागा ठेवत नाही. मराठीत यासाठी षष्ठीचा प्रत्यय हाताशी आहे : ‘ग्रामीण महिलांच्या बचतगटांचे सक्षमीकरण’. एका शब्दात दोन संयोगचिन्हे आली, की तो शब्द फोडून लिहिण्याची वेळ झाली असे समजावे. अपवाद विशेषनामांचा. शासकीय योजना, विद्यापीठ, महानगरपालिका यांची नावे अधिकृत नोंदीत जशी असतील, तशीच लिहावीत. त्यांतली रेघ काढू नये आणि घालूही नये. व्यक्तींच्या जोड-आडनावांनाही हेच लागू.

उपसर्ग सहसा जोडून येतात : सहसंपादक, उपकुलसचिव, असहकार. पण काही ठिकाणी रेघ अर्थ वाचवते. ‘अराजकीय’ हा शब्द राजकारणाशी संबंध नसलेला या अर्थी वापरला, तरी वाचक तो ‘अराजक’ या शब्दावरून आलेला समजू शकतो. ‘अ-राजकीय’ असे लिहिले, की शंका उरत नाही. सैद्धांतिक परिभाषेत तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. ‘उत्तर’ या शब्दाला मराठीत दिशा, जबाब आणि नंतरचा असे तीन अर्थ आहेत. ‘उत्तर वसाहतवादी साहित्य’ असे सुटे लिहिले, तर नवखा वाचक नकाशाकडे वळेल. ‘उत्तर-वसाहतवादी’ किंवा ‘वसाहतोत्तर’ यांपैकी एक रूप निवडावे आणि प्रस्तावनेत एका ओळीत तसे सांगावे. ‘उत्तर-आधुनिक’, ‘आधुनिकोत्तर’, ‘उत्तराधुनिक’ या तिन्हींचा वापर मराठी समीक्षेत आढळतो. प्रबंधात मात्र एकच असावे. उताऱ्यात मूळ लेखकाचे रूप वेगळे असेल, तर ते उताऱ्यात तसेच राहू द्यावे.

विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांच्याआधी रेघ कधीच येत नाही. तरीही ‘विद्यापीठा-मध्ये’, ‘समाजा-साठी’ अशी रूपे प्रबंधांत दिसतात. ती बहुधा जुन्या छापील पानांतून येतात. ओळीच्या शेवटी शब्द तुटला, की खिळ्यांच्या छपाईत तिथे रेघ देत. ते पान स्कॅन करून त्यातला मजकूर उचलला, की ओळी बदलतात, पण रेघ मात्र शब्दाच्या पोटात राहून जाते. जुन्या नियतकालिकांतून उतारे घेणाऱ्यांनी प्रत्येक उतारा छापील पानाशी ताडून पाहावा. मूळची रेघ कोणती आणि ओळ तुटल्याची कोणती, हे यंत्राला कळत नाही.

‘दहा-बारा’ आणि ‘१०–१२’

संख्यांमध्ये रेघ आली, की मराठीत एक खास अडचण उभी राहते. ‘दहा-बारा गावे’ म्हणजे अंदाजे दहा, फार तर बारा. बोलीतल्या या जोड्यांचे काम अंदाज सांगणे हेच आहे : दोन-तीन, चार-पाच, दहा-पंधरा. सर्वेक्षणाच्या प्रकरणात ‘५-६ विद्यार्थ्यांनी नकार दिला’ असे लिहिले, तर वाचकाला प्रश्न पडतो, की संशोधकाने मोजले नाही काय? नेमका आकडा माहीत असेल, तर तो द्यावा. वयोगट, पृष्ठे, वर्षे यांसारखी व्याप्ती सांगायची असेल, तर ‘ते’ हा शब्द किंवा संयोगचिन्हाहून थोडी लांब रेघ वापरावी : ‘१५ ते २० वयोगट’, ‘पृ. ४५–६२’, ‘१८१८–१८७४’. दोन्ही एकत्र करू नयेत. ‘१८१८–१८७४ पर्यंत’ किंवा ‘१८१८ पासून–१८७४’ ही अर्धवट रूपे आहेत.

इथे रेघांच्या लांबीचा प्रश्न येतो. सगळ्यांत आखूड ते संयोगचिन्ह (-). ते दोन पदे जोडते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा नसते. त्याहून लांब ती एन-डॅश (–). व्याप्ती दाखवायला आणि दोन ठिकाणांमधला पल्ला सांगायला ती वापरतात, म्हणून ‘पिंपरी-चिंचवड’ या एका शहराच्या नावात आखूड रेघ आणि ‘पुणे–सोलापूर महामार्ग’ यात लांब. सगळ्यांत लांब ती एम-डॅश (—). वाक्याच्या मध्येच एखादे स्पष्टीकरण घालायला ती कामी येते. मराठी व्याकरणात या कामाला अपसारणचिन्ह असे नाव आहे. प्रबंधात ते बेताने वापरावे, कारण त्याच्या मागे येणारा मजकूर बहुतेक वेळा स्वतंत्र वाक्यात अधिक नीट बसतो.

कळफलकावर फक्त आखूड रेघ असते आणि तिथेच गाडी अडते. वर्डमध्ये कंट्रोलची कळ धरून आकडेपट्टीवरची वजाबाकीची कळ दाबली, की एन-डॅश येते; कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही धरून दाबली, की एम-डॅश. लॅपटॉपवर आकडेपट्टी नसेल, तर इंग्रजी अंकांत २०१३ टंकून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात; त्या अंकांच्या जागी एन-डॅश उमटते, कारण युनिकोडमध्ये तिचा क्रमांकच तो आहे. मॅकवर ऑप्शन धरून संयोगचिन्हाची कळ पुरते. हे एकदा हाताला बसले, की संदर्भसूचीतल्या पृष्ठांकांच्या शेकडो रेघा दुरुस्त करण्याचे काम वाचते.

कोष्टकातल्या रेघेकडेही लक्ष हवे. एखाद्या चौकटीत नुसती रेघ असेल, तर ती माहिती मिळाली नाही असे सांगते, शून्य सांगते की लागू नाही असे सांगते? कोष्टकाखाली एक ओळ देऊन हे स्पष्ट करावे. ऋण संख्येपुढे आखूड संयोगचिन्ह टाकले, तर ते ओळीच्या टोकाला संख्येपासून तुटून राहू शकते. त्यासाठी वजाबाकीचे खरे चिन्ह (−) वापरावे.

अवतरणचिन्ह म्हणजे मालकी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल, तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये असेल, तर सुधारित प्रत द्यावी लागते. ६० टक्क्यांच्या वर गेले, तर नोंदणीच रद्द होते. स्रोत नोंदवून रीतसर उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळला जातो. म्हणजे दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत न देणे ही आता केवळ शैलीतली त्रुटी उरलेली नाही. तळटीप दिली म्हणून चिन्ह गाळले, असे चालत नाही. तळटीप विचाराचा स्रोत सांगते. शब्द कोणाचे, हे अवतरणचिन्हच सांगते.

मराठीतली रूढ पद्धत अशी : दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देताना दुहेरी अवतरणचिन्हे, ग्रंथनामे, नियतकालिकांची नावे आणि विशेष अर्थाने वापरलेले शब्द यांसाठी एकेरी. उतारा चार-पाच ओळींहून मोठा असेल, तर तो डावीकडून आत सरकवून स्वतंत्र परिच्छेदात द्यावा. तिथे अवतरणचिन्हांची गरज नाही, कारण तो उतारा आहे हे मांडणीच सांगते. उताऱ्यातले शब्द गाळले, तर तीन टिंबे द्यावीत. संशोधकाने स्वतःचा शब्द घातला, तर तो चौकटी कंसात द्यावा. साध्या कंसात दिलेला शब्द मूळ लेखकाचा आहे, असेच वाचक धरून चालतो. उद्धृत केलेले वाक्य पूर्ण असेल, तर पूर्णविराम चिन्हाच्या आत. एखादा शब्द किंवा पदसमूहच असेल, तर बाहेर. तळटीपेचा आकडा सगळ्या चिन्हांच्या नंतर यावा.

ग्रंथनामाला प्रत्यय लागतो, तेव्हा मराठीत एक नाजूक पेच येतो. ‘केसरी’ने, ‘केसरी’त, ‘ज्ञानेश्वरी’तील हे सोपे आहे, प्रत्यय बंद होणाऱ्या चिन्हाला चिकटून येतो, मध्ये जागा सोडायची नाही. पण ‘लीळाचरित्र’ याला ‘तील’ लावायचा, तर सामान्यरूप होते आणि ‘लीळाचरित्रा’तील असे लिहावे लागते. ग्रंथाचे नाव तर ‘लीळाचरित्रा’ नाही. अवतरणचिन्हांच्या आत मूळ नावच दिसले पाहिजे. म्हणून ‘लीळाचरित्र’मधील किंवा ‘लीळाचरित्र’ या ग्रंथातील असे लिहावे. दुसरी रचना थोडी लांब आहे, पण सूचीत किंवा संगणकावर ते नाव शोधणाऱ्याला हमखास सापडते.

जुन्या मजकुराचे लेखन बदलावे की नाही, हा संशोधकांना नेहमी पडणारा प्रश्न. महामंडळाच्या नियमांत याची एक सीमारेषा दिली आहे : केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मूळ लेखनाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांनुसार. ही सूचना छपाईसाठी आहे. भाषेच्या किंवा मुद्रणाच्या इतिहासावर प्रबंध असेल, तर चिपळूणकरांनंतरचेही ‘कांहीं’, ‘नाहीं’ हे अनुस्वार आणि त्या काळची विरामचिन्हे जशीच्या तशी ठेवणे अधिक योग्य, कारण तिथे ती स्वतःच पुरावा असतात. मोडी कागदाचे लिप्यंतर करणाऱ्याने तर शब्द तोडले आहेत, स्वल्पविराम घातले आहेत, वाक्ये पाडली आहेत हे आरंभीच सांगावे. कागदात नसलेले पूर्णविराम संशोधकाने दिले, की कोणता वाक्यांश कोणत्या वाक्याला जोडायचा याचा निर्णय त्याने घेतलेला असतो. पुढच्या अभ्यासकाला तो निर्णय वेगळा घेता यावा, म्हणून ती कबुली लागते.

विसर्ग आणि अपूर्णविराम

देवनागरीत विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला जवळजवळ सारखेच. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी चिन्हे आहेत. ‘दुःख’, ‘निःपक्षपाती’, ‘अंतःकरण’ हे शब्द अपूर्णविराम वापरून टंकले, तर छापील पानावर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात गेला आणि कोणी ‘अंतःकरण’ हा शब्द शोधला, तर अपूर्णविरामाने लिहिलेली एकही जागा सापडत नाही. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावलीही अशा शब्दाचे दोन तुकडे समजू शकते. उलट बाजूने ‘उदाहरणार्थः’, ‘विषयः’ असे विसर्ग लावले, तर तो शब्द उच्चारात भलताच होतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर विसर्ग हा संयोगचिन्हाच्याच कळीवर शिफ्ट धरून मिळतो. एवढे लक्षात ठेवले, की काम झाले.

हा घोळ टाळण्यासाठी मराठी मुद्रकांनी एक चांगली रीत पाडली : अपूर्णविरामाच्या आधी थोडी जागा सोडायची. ‘विषय :’ असे लिहिले, की विसर्गाचा भास होत नाही. मराठी विश्वकोशाच्या नोंदींतही ही जागा दिसते. संगणकावर ही साधी जागा दिली, तर अपूर्णविराम एकटाच पुढच्या ओळीवर जाऊन बसतो. म्हणून इथे कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेसची कळ दाबावी. त्या जागेवर ओळ तुटत नाही. ‘वि. का. राजवाडे’ यांसारख्या नावांतील आद्याक्षरांमध्येही हीच जागा वापरावी, नाहीतर ‘वि.’ एका ओळीत आणि ‘का. राजवाडे’ दुसऱ्या ओळीत जाते.

आद्याक्षरांचा विषय निघालाच आहे, तर पदवीचे नावही पाहावे. ‘पी.एच.डी.’ हे रूप मुखपृष्ठांवरसुद्धा दिसते आणि ते चूक आहे. पहिल्या दोन रोमन अक्षरांनी मिळून एकाच शब्दाचा संक्षेप होतो, त्यांच्यामध्ये टिंब येत नाही; म्हणून ‘पीएच.डी.’. वाक्य ‘इ.’ किंवा ‘एम.ए.’ अशा संक्षेपाने संपले, तर पूर्णविरामाचे वेगळे टिंब देऊ नये, एकच पुरते. शीर्षकांच्या आणि उपशीर्षकांच्या शेवटी टिंब नसते.

‘की’च्या आजूबाजूच्या स्वल्पविरामाबद्दल मराठीत दोन तट आहेत. ‘त्यांनी दाखवले, की...’ आणि ‘त्यांनी दाखवले की, ...’ ही दोन्ही रूपे छापील मजकुरात दिसतात. पहिले अधिक पटणारे आहे, कारण ‘की’ हे अव्यय पुढच्या वाक्याचे असते आणि बोलतानाही थांबा त्याच्या आधी येतो. दुसरे निवडले, तरी हरकत नाही. दोन्हींची सरमिसळ मात्र नको. ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या वाक्यात ‘तर’च्या आधी स्वल्पविराम द्यावा. ‘आणि’च्या आधी यादीतला स्वल्पविराम लागत नाही. तरी ‘या काळातील कवी समीक्षक आणि नाटककार’ यांत एक माणूस आहे, दोन आहेत की तीन वेगळे गट, हे कळावे यासाठी ‘कवी’नंतरचा स्वल्पविराम विसरू नये.

संशोधनाचे प्रश्न मांडताना प्रश्नचिन्ह यावे, गृहीतके मांडताना पूर्णविराम. ‘स्थलांतर का वाढले, याचा शोध घ्यायचा आहे’ या वाक्यात प्रश्न अप्रत्यक्ष आहे, तिथे प्रश्नचिन्ह येत नाही. उद्गारचिन्हाला प्रबंधात उताऱ्याबाहेर जागा नाही.

हे सारे लक्षात ठेवण्यापेक्षा एका कागदावर लिहून ठेवणे सोपे. काम सुरू करतानाच संशोधकाने आपली नियमपत्रिका करावी : कोणते समास सलग, कोणते रेघेसह, ‘की’चा स्वल्पविराम कुठे, वर्षांची व्याप्ती कशी, ग्रंथनामांना कोणती चिन्हे, पारिभाषिक शब्दांची ठरलेली रूपे. लिहिता लिहिता नवा शब्द अडला, की निर्णय घेऊन तो पत्रिकेत टाकावा. मार्गदर्शकाला ती पहिल्या प्रकरणासोबतच दाखवावी. मजकूर टंकायला बाहेर दिला, तर पत्रिकेची प्रत सोबत द्यावी. जुन्या फॉण्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल, तर अवतरणचिन्हे आणि रेघा पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, कारण त्या फॉण्टांमध्ये या चिन्हांच्या जागी अक्षरे बसवलेली असतात आणि रूपांतरात अदलाबदल होते.

शेवटच्या फेरीत वर्डच्या शोध-सुविधेचा नीट उपयोग करावा. आधी जागा आणि मग स्वल्पविराम, अशी जोडी शोधावी. स्वल्पविरामाआधी जागा येत नाही. सलग दोन मोकळ्या जागा शोधाव्यात. उघडणारी आणि मिटणारी अवतरणचिन्हे वेगवेगळी शोधून त्यांची संख्या जुळते का, ते पाहावे. जुळत नसेल, तर कुठेतरी दुसऱ्याचे वाक्य उघडे राहिले आहे. मग प्रत्येक पारिभाषिक शब्द त्याच्या तिन्ही संभाव्य रूपांत शोधावा, सलग, सुटा आणि रेघेसह. हे काम छपाईच्या आदल्या रात्री उरकण्याचे नाही, त्यासाठी दोन मोकळे दिवस हाताशी ठेवावेत. आणि प्रबंधाचे शीर्षक मंजुरीच्या पत्राशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. पत्रात ‘: एक चिकित्सक अभ्यास’ असे असेल, तर मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र आणि सारांश या चारही ठिकाणी अपूर्णविरामच हवा, एकीकडे अपूर्णविराम आणि दुसरीकडे डॅश असे नको.